गाडीच्या केसची तारीख चुकली, वॉरंट निघालं, आता रद्द कसं करायचं?

नुसतं ई-चलान थकलं म्हणून वॉरंट निघत नाही. केस कोर्टात गेली, समन्स आलं किंवा जामीन झाला आणि आपण तारखेला गेलोच नाही तर निघतं. आपल्याकडे धुळे, नंदुरबार, जळगावची कितीतरी पोरं सुरतला कामाला, समन्स गावाकडे येतं आणि पोराला कळतच नाही, त्यामुळे हे सविस्तर लिहितोय.

आधी वॉरंट कोणतं ते बघा. जामीनपात्र असेल तर पोलीस जामीन घेऊन सोडतात आणि पुढची तारीख देतात, अजामीनपात्र असेल तर धरून कोर्टापुढेच उभं करतात, तेही 24 तासांच्या आत (प्रवासाचा वेळ सोडून). ई-कोर्ट्सच्या ॲपवर नाव किंवा 16 अक्षरी सीएनआर नंबर (प्रत्येक केसला कोर्टाने दिलेला वेगळा नंबर) टाकला की केस कुठल्या कोर्टात आहे, पुढची तारीख कधी, सगळं दिसतं. मोबाईलवर चलानच्या नावाने एखादी फाईल आली तर ती अजिबात उघडू नका भाऊ, खातं रिकामं होतं.

वॉरंट रद्द करायचा अधिकार ज्या कोर्टाने काढलं त्यालाच, म्हणजे शिरपूरच्या कोर्टाचं शिरपूरलाच आणि सुरतचं सुरतलाच. पोलीस स्टेशनला कोणी "पैसे द्या, मिटवून देतो" म्हटलं तर देऊ नका, वॉरंट तसंच चालू राहतं.

अर्ज ज्याच्या नावाने वॉरंट आहे तो माणूस करू शकतो. सकाळी कोर्ट सुरू व्हायच्या आत वकिलासोबत स्वतः जा, वकीलपत्र आणि वॉरंट रद्दचा अर्ज द्या, पुकारा झाला की साहेबांसमोर उभं राहून का आलो नाही ते खरं सांगा. आपणहून हजर झालेल्या माणसाकडे कोर्ट वेगळ्या नजरेने बघतं, पोलिसांनी धरून आणलेल्याचं तसं नसतं, म्हणून थांबू नका. आधीच्या जामिनाचा बाँड मात्र जप्त होऊ शकतो, मग नवीन जामीन द्यावा लागतो.

सोबत आधार, लायसन, आरसी, इन्शुरन्स, समन्स किंवा चलानची कॉपी, फोटो, आणि गैरहजेरीचा पुरावा म्हणजे दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड, रेल्वेचं तिकीट असं काहीही. जामीनदार लागला तर त्याचं आधार आणि ताजा सातबारा किंवा घरपट्टीची पावती, आणि जामीनदाराला त्या दिवशी सोबतच न्या, नाहीतर संध्याकाळपर्यंत अडकता.

हेल्मेट, लायसनसारखी छोटी केस असेल तर गुन्हा कबूल करून दंड भरला की बऱ्याचदा त्याच दिवशी केस संपते. विना लायसनला दंड 5,000 आहे. पण दारूची केस असेल तर घाईत कबूल करू नका, पहिल्या वेळेलाच 6 महिने कैद किंवा 10,000 दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, वकिलाला आधी विचारा.

वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा, महिला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना उत्पन्न न बघता वकील फुकट मिळतो, फोन 15100.

आणि शेवटचं काम बहुतेक जण विसरतात. रद्दच्या आदेशाची सर्टिफाइड कॉपी काढून पोलीस स्टेशनला द्या, पोच घ्या आणि एक झेरॉक्स गाडीत ठेवा.