ब्लॅकस्टोनच्या खोऱ्यातली रेल्वे टक्कर आणि मागे पडलेलं घड्याळ

१२ ऑगस्ट १८५३, सकाळची वेळ. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात ब्लॅकस्टोन नदीकाठी व्हॅली फॉल्स म्हणून गाव आहे, तिथे एका वळणावर दोन गाड्या समोरासमोर धडकल्या आणि १४ माणसं गेली. एक गाडी होती नदीच्या वरच्या अंगाच्या गावांमधून प्रॉव्हिडन्सकडे येणारी, सहलीला निघालेल्या लोकांनी भरलेली. दुसरी प्रॉव्हिडन्सहून वूस्टरला जाणारी नेहमीची गाडी. सिंगल ट्रॅक, आणि सहलीची गाडी आधीच लेट झालेली. तिच्या कंडक्टरला, म्हणजे गाडी कधी सोडायची हे ठरवणाऱ्या माणसाला, वाटलं की पुढे बॉस्टन स्विचपाशी डबल ट्रॅक सुरू होतो तिथपर्यंत आपण वेळेत पोचतो, म्हणून तो व्हॅली फॉल्सला न थांबता निघाला. त्याचं घड्याळ मागे होतं.

बोट अर्थातच कंडक्टरकडे दाखवलं गेलं. चूक त्याची होतीच, ते मी नाकारत नाही, पण नुसतं तेवढ्यावर थांबलं की खरी गोष्ट हातातून निसटते असं मला वाटतं, कारण त्या सकाळी शेकडो माणसांचा जीव एका खिशातल्या घड्याळावर टांगलेला का होता हा प्रश्न तसाच राहतो.

सुरुवात नदीपासूनच करायला हवी. लोखंडी चाक लोखंडी रुळावर फिरतं तेव्हा घर्षण फार कमी असतं, म्हणून तर एक छोटं इंजिन एवढे डबे ओढतं. पण त्याच कारणाने चढ आला की रेल्वेची दमछाक होते, सपाटीवर सहज धावणारी गाडी शंभराला एक अशा चढावर काही पट जास्त जोर मागते आणि चाकं जागच्या जागी घसरायला लागतात. मग इंजिनियर लोक काय करणार, नदीचा हात धरणार. ब्लॅकस्टोन सुमारे ७४ किमीच्या प्रवासात १३० मीटरपेक्षा थोडी जास्त उतरते, म्हणजे सरासरी उतार अगदी सौम्य. पाण्यावर चालणाऱ्या कापडगिरण्यांसाठी हे खोरं प्रसिद्ध होतंच, पॉटकेटची स्लेटर मिल १७९३ ची. १८२८ मध्ये प्रॉव्हिडन्स ते वूस्टर कालवा झाला आणि १८४७ मध्ये त्याच खोऱ्यातून रेल्वे आली, पुढच्याच वर्षी कालवा बंद पडला. नदीने चढ वाचवला खरा, पण नदी वळते तशी लाइनपण वळत गेली आणि वळणाआड काय आहे ते ड्रायव्हरला दिसेना.

आणि दिसलं तरी थांबणार कसं? तेच कमी घर्षण आता उलटतं. त्या काळी हवेच्या दाबाचे ब्रेक नव्हते, वेस्टिंगहाउसचं पेटंट १८६९ चं. ड्रायव्हरने शिट्टी मारायची, ती ऐकून ब्रेक्समननी डब्याडब्यावर जाऊन हाताने चाक फिरवून ब्रेक आवळायचे. समजा गाडी ताशी ४० किमीने चाललीय आणि असले ब्रेक तिचा वेग प्रत्येक सेकंदात 'सेकंदाला एक फूट' एवढा कमी करतात, तर थांबायला २०० मीटर लागतात, आणि शिट्टी वाजल्यापासून ब्रेक लागेपर्यंत जे सेकंद जातात त्यात गाडी पूर्ण वेगात पळतेय ते वेगळंच. समोरून दुसरीही येत असेल तर हे सगळं डबल. झाडं, टेकडीचा उतार आणि वळण असताना अर्धा किमी स्वच्छ दिसायला हवं, ते कुठून आणणार.

टक्कर झाल्यावर काय होतं ते आपण बघू शकतो, कारण राइट नावाच्या एका फोटोग्राफरने तिथे जाऊन चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर फोटो घेतला, रेल्वे अपघाताचा हा सर्वात जुन्या फोटोंपैकी एक मानला जातो. डबे लाकडी होते. मागच्या डब्यांचं वजन पुढे रेटत राहतं, एका डब्याची मजबूत फळीची चौकट उचलली जाऊन पुढच्या डब्याच्या नाजूक भिंतीतून आत शिरते, दुर्बिणीच्या नळ्या एकमेकींत सरकाव्यात तशी. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते, आणि ती सगळी अशा वेळी लाकूड फोडण्यात आणि माणसं चिरडण्यात खर्च होते.

म्हणजे दिसत नाही, थांबता येत नाही, मग सिंगल ट्रॅकवर दोन गाड्यांना लांब ठेवणारी एकच गोष्ट उरते, वेळ. टाइमटेबलमध्ये लिहायचं की ही गाडी अमुक वाजेपर्यंत सायडिंगला, म्हणजे बाजूच्या रुळावर, थांबेल, ती निघून जाईल, मग ही निघेल. न्यूयॉर्क राज्यातल्या ईरी रेल्वेवर १८५१ मध्ये टेलिग्राफने गाडीला हुकूम पाठवून झाला होता, पण ती पद्धत सगळीकडे पोचायला अजून बराच अवकाश होता. ताशी ३० किमीने समोरासमोर येणाऱ्या दोन गाड्यांमधलं अंतर मिनिटाला एक किमीने कमी होतं, म्हणजे घड्याळातलं एक मिनिट हे चक्क एक किमी रूळ आहे.

आता त्या काळच्या खिशातल्या घड्याळाचं बघा. आत एक चक्र असतं, ते बारीक स्टीलच्या स्प्रिंगवर पुढेमागे डोलतं, त्या डोलण्यावर वेळ मोजली जाते. उकाडा वाढला की स्प्रिंग किंचित मऊ पडते, डोलणं मंदावतं, घड्याळ मागे पडतं. ज्या घड्याळात याच्यावर काही उपाय केलेला नाही ते तापमान एक अंश सेल्सियसने वाढल्यावर दिवसाला साधारण १० ते १२ सेकंद मागे पडतं, म्हणजे १० अंश वाढले तर दिवसात जवळजवळ दोन मिनिटं! चांगल्या घड्याळात चक्राची कड पितळ आणि स्टीलचे पट्टे जोडून केलेली असायची, उष्णतेने ती आत वाकते आणि चक्र हलकं फिरून स्प्रिंगचा मंदपणा भरून काढते, पण ती घड्याळं महाग होती.

बरं, घड्याळ बिनचूक असलं तरी ते कुठल्या वेळेला लावायचं? पृथ्वी एक अंश फिरायला चार मिनिटं घेते, म्हणून प्रत्येक गावाची सूर्यावरची वेळ वेगळी. या एका लाइनच्या दोन टोकांमध्ये, प्रॉव्हिडन्स आणि वूस्टरमध्येच, सुमारे दीड मिनिटाचा फरक आहे. यावर न्यू इंग्लंडच्या रेल्वे सुपरिंटेंडंट लोकांनी १८४९ मध्येच तोडगा काढला होता, बॉस्टनच्या ३० मैल पश्चिमेची वेळ सगळ्यांनी वापरायची, ती बॉस्टनच्या वेळेपेक्षा दोन मिनिटं मागे, आणि ती द्यायची विल्यम बॉंड अँड सन या घड्याळजींनी. याच घराण्यातले विल्यम क्रँच बॉंड म्हणजे हार्वर्डच्या वेधशाळेचे पहिले संचालक. रात्री ठरावीक तारे दुर्बिणीतल्या उभ्या तारेला कधी ओलांडतात ते टिपायचं, त्यावरून मोठं घड्याळ दुरुस्त करायचं, आणि पुढे टेलिग्राफने ती वेळ शहरात पाठवायची. माझ्या मते त्या वर्षांतलं हे फार मोठं काम होतं, आकाशातली वेळ रुळापर्यंत आणण्याचं. पण ती स्टेशनच्या घड्याळापर्यंत आली तरी शेवटचा टप्पा, कंडक्टरचा खिसा, मोकळाच राहिला होता. व्हॅली फॉल्सनंतर तिथल्या रेल्वे कंपन्या याबाबत कडक व्हायला लागल्या आणि कंडक्टर लोकांसाठी चांगली घड्याळं बॉंडकडून मागवली जाऊ लागली.

तरीही नुसत्या घड्याळाने प्रश्न मिटला नाही. १८९१ मध्ये ओहायोतल्या किप्टनला पुन्हा दोन गाड्या धडकल्या, त्यातही एक घड्याळ काही मिनिटं बंद पडून परत चालू झालं होतं असं सांगतात, आणि त्यानंतर रेल्वेच्या घड्याळाला आठवड्यात ३० सेकंदांपेक्षा जास्त चूक चालणार नाही असा नियम रुळला.

खरा बदल आला तो रुळातूनच. १८७२ मध्ये विल्यम रॉबिन्सन यांनी लाइनच्या एका ठरावीक पट्ट्यातल्या दोन रुळांतून बॅटरीचा बारीक करंट फिरवायची पद्धत पेटंट केली. पट्टा रिकामा असला की करंट पलीकडच्या टोकाच्या चुंबकाला धरून ठेवतो आणि सिग्नल मोकळा राहतो. गाडी आली की तिच्या दोन चाकांना जोडणाऱ्या लोखंडी दांड्यातून करंट मधेच परत फिरतो, चुंबक सुटतो, सिग्नल धोक्यावर पडतो. बॅटरी संपली, तार तुटली, रूळ फुटला तरीसुद्धा सिग्नल धोक्यावरच पडतो. मागे पडलेल्या घड्याळाचं याच्या बरोबर उलट होतं, ते बिघडलं की कंडक्टरला सांगायचं, अजून वेळ आहे, जा.