सेटिंग्जचा पत्ता

एखाद्या प्रोग्रामची सेटिंग्ज कुठे साठतात हे शोधायचं असेल, तर तो कोणत्या काळात लिहिला गेला हे आधी बघावं. निम्मा शोध तिथेच संपतो.

युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर टिंबाने सुरू होणाऱ्या फाइल्स लपलेल्या असतात, पण तसं कुणी ठरवलं नव्हतं. युनिक्सवर काम केलेले प्रोग्रामर रॉब पाइक यांनी ही हकीकत सांगितली आहे. प्रत्येक फोल्डरमध्ये तो स्वतः आणि त्याच्या वरचा फोल्डर यांच्यासाठी एक टिंब आणि दोन टिंबं अशा दोन नोंदी असतात. फोल्डरमधल्या फाइल्सची यादी दाखवणाऱ्या एलएस कमांडने त्या दाखवू नयेत म्हणून अख्खं नाव न तपासता फक्त पहिलं अक्षर टिंब आहे का, एवढंच पाहिलं गेलं. त्यामुळे टिंबाची कुठलीही फाइल दिसेनाशी झाली. प्रोग्रामरांना ही आयती सोय सापडली आणि प्रत्येकाच्या होम फोल्डरचा, म्हणजे खासगी फोल्डरचा, माळा झाला. 2003 मध्ये लिनक्ससारख्या सिस्टिमच्या डेस्कटॉपसाठीच्या एक्सडीजी नियमावलीने सेटिंग्जसाठी डॉट कॉन्फिग, तर पुन्हा तयार करता येणाऱ्या फाइल्ससाठी डॉट कॅशे असे वेगळे कप्पे सुचवले. नवे प्रोग्राम तिकडे गेले, जुने बरेचसे जागचे हलले नाहीत. कोडच्या आवृत्त्या सांभाळणारा गिट दोन्हीकडे बघतो.

मॅकवर 1991 च्या सिस्टिम 7 पासून प्रेफरन्सेस नावाचा फोल्डर आहे. मॅक ओएस टेनमध्ये तो प्रत्येकाच्या लायब्ररी फोल्डरात गेला, आणि 2011 मध्ये अ‍ॅपलने ती लायब्ररीच नजरेआड केली!

विंडोजची गोष्ट जास्त गुंतागुंतीची. सुरुवातीच्या आयएनआय नावाच्या सेटिंग्ज फाइल्स साध्या मजकुराच्या होत्या आणि बहुतेक विंडोज फोल्डरातच साचत. एकाच संगणकावर दोघांची वेगळी सेटिंग्ज असू शकतात, हा विचारच त्यात नव्हता. 1992 च्या विंडोज 3.1 मधली रजिस्ट्री, म्हणजे सेटिंग्जचा एकत्र साठा, छोटीशीच होती. विंडोज 95 ने तिच्यावर सगळा भार टाकला. विंडोज विस्टापासून अ‍ॅपडेटा फोल्डर आला. त्यातल्या कप्प्यांपैकी रोमिंग ऑफिसच्या नेटवर्कवर माणसाबरोबर दुसऱ्या संगणकावर जाऊ शकतं, लोकल तिथेच राहतं.

विस्टाने आणखी एक गंमत केली. जुने प्रोग्राम आपली सेटिंग्ज सवयीने प्रोग्राम फाइल्स या फोल्डरमध्ये लिहू पाहत, पण तिथे लिहायची परवानगी आता नव्हती. ते बंद पडू नयेत म्हणून विंडोज त्यांचं लिखाण गुपचूप लोकलमधल्या व्हर्च्युअलस्टोअर नावाच्या फोल्डरकडे वळवू लागलं. अशा वेळी प्रोग्राम फाइल्समधली आयएनआय कितीही बदला, प्रोग्राम ढिम्म. तो दुसरीच प्रत वाचत असतो.