कार्ल्याच्या रेखांशावरचा प्रवाळी विहार

कार्ल्याच्या लेण्यांवर बोट ठेवा आणि नकाशावर सरळ दक्षिणेला निघा. बोट मालवणच्या आसपास समुद्रात उतरतं, लक्षद्वीपमधल्या मिनिकॉय बेटाच्या पूर्वेकडून जातं आणि सुमारे १५०० किलोमीटरवर मालदीवमधल्या काशिधू बेटाला टेकतं. बेट जेमतेम तीन किलोमीटर लांब, लोकवस्ती दोनेक हजार. गावापासून जवळच, झाडीत, एका बौद्ध विहाराचे अवशेष आहेत. त्या जागेला कुरुहिन्ना थारागंडू म्हणतात.

दोन्ही ठिकाणं नेमकी एका रेखांशावर यावीत हा योगायोगच. पण मालदीवची बेटं सह्याद्रीच्या दक्षिणेला अशी सरळ ओळीत का, याला भक्कम कारण आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या पोटातला एक तप्त बिंदू पश्चिम भारताखाली होता. त्यातून उसळलेल्या लाव्ह्याने दख्खनचं पठार घडलं. भारतीय भूपट्ट उत्तरेकडे सरकत राहिला, तप्त बिंदू मात्र साधारण तिथेच होता. त्यामुळे जमिनीवरच्या लाव्ह्यानंतर समुद्रात ज्वालामुखींची एक रांग उमटत गेली, लक्षद्वीप, मालदीव, छागोस अशी. तोच बिंदू आज मादागास्करच्या पूर्वेकडच्या रियुनियन बेटाखाली धगधगतो आहे. १९८७ मध्ये मालदीवच्या पूर्व कडेला समुद्रतळात भोक पाडलं, तेव्हा खाली बेसॉल्ट, म्हणजे थिजलेल्या लाव्ह्याचा काळा दगड लागला. वय सुमारे ५.७ कोटी वर्षं.

म्हणजे कार्ल्याचा काळा पत्थर आणि मालदीवचा पाया एकाच भट्टीतले. मग काशिधूच्या भिक्षूंनी लेणी का नाही कोरली? कारण त्यांना तो दगड कधी दिसलाच नाही. थंडावलेले ज्वालामुखी हळूहळू बुडत गेले आणि माथ्यावर प्रवाळ वाढत राहिले. प्रवाळांना उजेड लागतो, त्यामुळे पाया जितका खचेल तितकी नवी भर वरून पडत गेली. हा तर्क डार्विनने १८४२ मध्येच मांडला होता, छिद्रं पाडायची यंत्रं नसताना! मालदीवखाली हा चुनखडीचा थर आता दोन किलोमीटरहून जाड आहे.

तेव्हा हाताशी दगड एकच, प्रवाळाचा. पाण्यातून नुकताच काढलेला प्रवाळ तुलनेने मऊ असतो, करवतीला दाद देतो; हवेत वाळला की टणक होतो. काशिधूला अशा दगडांचे गोल आणि चौकोनी चौथरे आहेत, कडेला घडीव पट्ट्या काढलेले. छप्परं गेली, जोती राहिली.

नॉर्वेचे पुरातत्त्वज्ञ एगिल मिकेलसेन यांनी १९९६ ते १९९८ या काळात इथे उत्खनन केलं. सगळ्यात नवलाची गोष्ट एका ठिकाणी पुरलेली सापडली: सुमारे ६२,००० कवड्या. त्यांचं वय रेडिओकार्बनने, म्हणजे काळाबरोबर घटत जाणाऱ्या किरणोत्सारी कार्बनवरून काढता येतं, पण त्यात एक मेख आहे. समुद्राच्या पाण्यात खोल तळातून वर आलेला जुना कार्बन मिसळलेला असतो आणि कवडीतला जीव त्यातूनच कवच बनवतो. त्यामुळे जुनी कवडी प्रयोगशाळेत खऱ्या वयापेक्षा साधारण चारशे वर्षं अधिक जुनी दिसते. ही वजाबाकी केल्यावरही काशिधूचा विहार पहिल्या सहस्रकातलाच ठरतो, मालदीवने ११५३ मध्ये इस्लाम स्वीकारण्याच्या कितीतरी आधीचा.

विहारात एवढ्या कवड्या कशाला? पूजेसाठी अर्पण केल्या असतील, असं म्हणता येईल. मला मात्र तो साधासुधा खजिना वाटतो. कार्ल्याचे खांब दात्यांच्या नावांनी भरलेले आहेत, त्यात व्यापारी आणि यवनही (म्हणजे ग्रीक) आहेत. विहार आणि पैसा यांचं वावडं नव्हतंच. आणि मालदीवची कवडी हे चलन होतं. चौदाव्या शतकात तिथे राहिलेल्या इब्न बतूता या मोरोक्कोच्या प्रवाशाने तिची रीतही लिहून ठेवली आहे: समुद्रातून कवड्या काढायच्या, किनाऱ्यावर खड्ड्यात टाकून आतलं मांस कुजू द्यायचं, आणि उरलेली पांढरी कवचं बंगालला पाठवून बदल्यात तांदूळ आणायचा. भातशेतीला जागा नसलेल्या बेटांवर कवडी पिकत होती.