ध्वनिमापकाच्या फाइलमधून डेसिबल काढताना: कोणता लॉग वापरावा?

आमचा ध्वनिमापक दर सेकंदाचा ध्वनिदाब, ए-वेटिंग (माणसाच्या कानाला आवाज जसा जाणवतो तशी दुरुस्ती) लावून, पास्कलमध्ये साठवतो. त्याचे डेसिबल करायचे तर दाबाला ०.००००२ ने भागा, उत्तराचा १० पायाचा लॉग घ्या आणि २० ने गुणा. बहुतेक घोळ लॉगच्या पायाशी होतो.

एक्सेलच्या सेलमध्ये ‘लॉग’ म्हणजे १० पायाचा. त्याच फाइलच्या मॅक्रोमध्ये, म्हणजे तिच्यातल्या छोट्या प्रोग्राममध्ये, मात्र ‘लॉग’ म्हणजे नैसर्गिक लॉग, ज्याचा पाया सुमारे २.७१८. पायथन आणि जावास्क्रिप्टचा नुसता ‘लॉग’ही नैसर्गिकच. डेटाबेसांपैकी मायएसक्यूएलमध्ये तसेच, पण पोस्टग्रेसमध्ये १० पायाचा! म्हणून जिथे ‘लॉग१०’ आहे तिथे तोच लिहा. मॅक्रोमध्ये तो नाही. तिथे संख्येच्या लॉगला १० च्या लॉगने भागा.

सूत्र तपासायला दाब १ पास्कल द्या. ९४ आले तर बरोबर. २१६ आले तर नैसर्गिक लॉग लागला आहे. इतका मोठा आकडा निदान डोळ्यांत भरतो. खरा धोका अंतरासाठी करायच्या दुरुस्तीसारख्या लहान दुरुस्त्यांमध्ये आहे. मोकळ्या जागेत एका लहान यंत्राचा आवाज १० मीटरवर ८० डेसिबल असेल, तर २० मीटरवर तो ७४ भरतो. चुकीच्या लॉगने ६६ येतात, आणि अहवालात ते कुणालाच खटकत नाहीत.

सरासरीही थेट डेसिबलची काढू नका. अर्धा वेळ ४० आणि अर्धा वेळ ५० डेसिबल असेल तर उत्तर ४५ नव्हे, ४७.४ आहे. भारताच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाची रात्रीची मर्यादा ४५ आहे. म्हणजे मर्यादा ओलांडलेली असूनही तुमचा कागद ती पाळल्याचे सांगेल. शेजारी झोपणाऱ्यांच्या दृष्टीने ही चूक लहान नाही. आधी दाबांच्या वर्गांची सरासरी काढा, तिचे वर्गमूळ घ्या, आणि लॉग शेवटी एकदाच.

दाबाच्या रकान्यात शून्य दिसले तर ती शांतता समजू नका; मायक्रोफोनची वायर तपासा. शून्याचा लॉग नसतो. पायथन तिथे थांबून चूक दाखवतो, जावास्क्रिप्ट उणे अनंत देऊन पुढे जातो आणि सगळी बेरीज बिघडवतो. अशा ओळी शून्याच्या जागी छोटा आकडा भरून लपवू नका. त्या वगळा आणि किती वगळल्या ते अहवालात लिहा.

सूत्राबद्दल शंका असेल तर मूळ फाइल आणि सूत्र दोन्ही आमच्याकडे पाठवा. आम्ही तपासून देऊ, त्याचे पैसे घेत नाही.