जुनं पाणी की जुना स्पंज?

घर बदलताना मासे सोबत न्यायचे म्हटलं की लोक आधी पाण्याचे कॅन शोधतात. ‘टाकीचं जुनं पाणी सगळं घ्या, मासे त्यातच जगतात,’ असा सल्ला हमखास मिळतो. मीही तेच केलं. दर्यापूरकडच्या गावातून परतवाड्याजवळ राहायला आलो, तेव्हा टेम्पोत वीस-वीस लिटरचे दोन कॅन भरून जुनं पाणी आणलं. फिल्टरचा स्पंज मात्र आत्याच्या नजरेस पडला. “बापू, थे चिखलावानी काय भरलं हाये, धुऊन टाक ना!” नव्या घरी सगळं स्वच्छ असावं म्हणून मी तो नळाखाली निर्मळ पाणी येईपर्यंत पिळला आणि ओसरीवर उन्हात वाळत घातला.

आल्या दिवशी मासे छान फिरत होते. चौथ्या दिवशी सकाळी सगळ्या मॉली वर येऊन तोंडं उघडत होत्या, कल्ले लालभडक. पाणी तर काचेसारखं नितळ. बाटलीत भरून माशांच्या दुकानात नेलं. दुकानदारानं नळीत तपासणीचे थेंब टाकले आणि पाणी गर्द हिरवं झालं. अमोनिया! संध्याकाळपर्यंत सात मासे गेले. त्या नितळ पाण्याकडे बघवत नव्हतं.

जुनं पाणी आणि जुना स्पंज, दोघांची कामं वेगळी आहेत.

माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून पाण्यात सतत अमोनिया येतो. नायट्रोसोमोनाससारखे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात. तेही विषारीच. मग नायट्रोस्पायरासारखे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, आणि ते बरंच कमी घातक असतं. ही मंडळी पाण्यात तरंगत नाहीत, निदान फारशी नाहीत. ती चिकटून राहतात: स्पंजाच्या छिद्रांत, तळाच्या खड्यांवर, काचेवरच्या बुळबुळीत थरात. म्हणजे चाळीस लिटर जुनं पाणी आणूनही मी जिवाणू जवळजवळ आणलेच नव्हते. जे होते ते नळाच्या ब्लीचिंग पावडरनं आणि उन्हानं मारले. नव्यानं पुरेशी वस्ती व्हायला चार ते सहा आठवडे लागतात.

जिवंत स्पंज पिळला की तपकिरी पाणी निघतं आणि त्याला पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास येतो. सडक्या अंड्याचा वास आला तर आतले जिवाणू हवेविना मेले समजा. म्हणून प्रवासात स्पंज बादलीत टाकीच्याच पाण्यात बुडवून ठेवायचा, पण झाकण घट्ट लावायचं नाही. वाळू द्यायचा नाही, कोंडायचाही नाही. खडे धुऊ नका, ओलेच राहू द्या. टाकी मात्र रिकामी करूनच उचला. दोन बाय एक बाय एक फुटाच्या टाकीत ५६ लिटर पाणी मावतं, म्हणजे काच सोडून ५६ किलो. तशीच उचलली तर सिलिकॉनचे सांधे सुटतात.

मग जुनं पाणी फेकून द्यायचं का? मुळीच नाही. ते माशाच्या अंगासाठी असतं. आमच्या दर्यापूरकडे, म्हणजे पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, बोअरचं पाणी जड आणि खारट. मॉलीला ते मानवतंही. तिला तिथून उचलून एकदम गोड्या पाण्यात सोडलं तर धक्का बसतो. मासे जुन्याच पाण्यात न्यायचे आणि पोचल्यावर त्यात नवं पाणी थोडं थोडं मिसळायचं. एअर पंपाच्या नळीला सैल गाठ मारून थेंब-थेंब सोडलं, तास-दीड तास दिला, की जमतं. त्यासाठी एक-दोन बादल्या पुरतात. सगळं पाणी वाहून नेण्यात अर्थ नाही, त्यात नायट्रेटही साचलेलं असतं. माशांना आदल्या दिवसापासून खायला घालू नका. मे महिन्यात तर पहाटेच निघा: पाणी तापलं की त्यातला ऑक्सिजन घटतो आणि तेवढाच अमोनिया जास्त बाधतो.

कोणी हौसेनं स्पंज धुऊन टाकलाच असेल, तर मासे मरायची वाट पाहू नका. खाणं अगदी चिमूटभर करा. रोज पावभाग पाणी बदला, तेही क्लोरीन काढलेलं. ओळखीच्या कोणाकडे जुनी चालू टाकी असेल तर तिच्या फिल्टरच्या स्पंजाचा तुकडा कापून मागून आणा, येताना ओला ठेवा आणि आपल्या फिल्टरमध्ये बसवा. पाणी दिवसभर गढूळ दिसेल. दिसू द्या.