दीर्घ आजार, दिव्यांगत्वाचा दाखला आणि दयानंद योजना : अर्ज नेमका कोठे अडतो

गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचा अर्ज भरून घेण्यासाठी माझ्याकडे येणारे बहुतेक लोक हातात जाडजूड फाईल घेऊन येतात. तिच्यात दहा-बारा वर्षांच्या रक्ततपासण्या, एक्स-रे, इस्पितळातून घरी सोडतानाचे कागद आणि औषधांच्या चिठ्ठ्या व्यवस्थित लावलेल्या असतात. रुग्णाला काय करता येत नाही हे डॉक्टरांनी लिहिलेला कागद मात्र त्या फाईलीत बहुधा सापडत नाही. आजार सिद्ध करणारे शंभर कागद आणि अपंगत्व सांगणारा एकही नाही, अशा फाईलीचे पुढे काय होते ते मी अनेकदा पाहिले आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट वेगळी करून ठेवावी लागते. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र केंद्राच्या कायद्याखाली मिळते आणि ते वैद्यकीय अधिकारी किंवा मंडळ देते. दरमहाचे अर्थसाहाय्य राज्याच्या या दयानंद योजनेतून मिळते आणि त्याच्या अटी निराळ्या आहेत. प्रमाणपत्र हाती आले म्हणजे पैसे सुरू झाले असे समजून वर्षभर बँकेत खेपा घालणारी माणसे मी पाहिली आहेत. दुसरा अर्ज त्यांनी केलेलाच नव्हता, आणि तो करावा लागतो हे त्यांना कोणी सांगितलेही नव्हते.

आजार यादीत आहे का?

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये संमत झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. १९९५ च्या जुन्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, नव्यात एकवीस आहेत. दीर्घ आजाराने ग्रासलेल्यांसाठी या वाढीचा खरा अर्थ असा की पार्किन्सन, मल्टिपल स्क्लेरोसिस, हिमोफिलिया, थॅलेसेमिया, सिकल सेल आणि स्नायूंचा ऱ्हास करणारी मस्क्युलर डिस्ट्रॉफी ही नावे आता थेट यादीत आली आहेत, आणि मानसिक आजारही त्याच यादीत आहे. हृदयविकार, मूत्रपिंडाचा विकार, मधुमेह, कर्करोग आणि क्षयरोग मात्र त्यात नाहीत. आठवड्यातून तीनदा डायलिसिस घेणाऱ्या माणसाला तुम्ही कायद्याच्या दृष्टीने दिव्यांग नाही असे सांगणे मला आजही जड जाते आणि त्यामागचा न्याय मला समजत नाही. पण केवळ त्या निदानावर अर्ज केला तर तो नाकारला जाणार, हे आधीच सांगितलेले बरे. अशा कुटुंबाने प्रमाणपत्रामागे वर्ष घालवण्यापेक्षा उपचारखर्चासाठी दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे कार्ड चालू स्थितीत ठेवावे. २०१६ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण ठरवलेले आहे.

तरीही यादीत नसलेला आजार म्हणजे दार कायमचे बंद, असे नाही. मधुमेहाने पायाचा पंजा कापावा लागला तर ते चलनवलनाचे अपंगत्व होते, आणि त्याच मधुमेहाने दृष्टिपटल खराब झाले तर तो अंशतः किंवा पूर्ण अंधत्वाचा प्रश्न होतो. अर्जात ‘मधुमेह’ असे लिहिणारा परत जातो. ‘उजवा पाय घोट्याखाली नाही’ असे लिहिणारा तपासणीसाठी पुढे जातो. एचआयव्हीबाधितांची गोष्ट वेगळी आहे. केंद्राच्या यादीत ते नाहीत, परंतु दयानंद योजनेत त्यांचा स्वतंत्र गट आहे आणि त्यांनी दिव्यांगत्वाच्या टक्केवारीमागे लागण्याचे कारण नाही.

चाळीस टक्क्यांची रेघ

बहुतेक लाभांसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागते. येथे सर्वांत मोठा गैरसमज असा की आजार जितका भयंकर तितकी टक्केवारी जास्त. मंडळ मोजते ते शरीराचे किंवा मनाचे कोणते कार्य किती गेले हे, आणि तेही उपचार चालू असतानाचे. म्हणून उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून अलीकडच्या तारखेचा असा अहवाल मागून घ्यावा, ज्यात चालणे, पकड, बोलणे, तोल, पाहणे यांपैकी कशावर आणि किती काळ परिणाम झाला आहे ते शब्दांत असेल. अर्ज घेताना हा अहवाल कोणीच मागत नाही, त्यामुळे तो कोणाकडेच नसतो.

दोन अपंगत्वे असतील तर दोन्ही अर्जात नोंदवावीत. एकात ३० टक्के आणि दुसऱ्यात २० टक्के असतील तर लोक ५० धरतात, पण मंडळ सरळ बेरीज करत नाही. सूत्र असे आहे : मोठ्या आकड्यात, लहान आकडा गुणिले नव्वद वजा मोठा आकडा, भागिले नव्वद, एवढी भर घालायची. या उदाहरणात २० ला ६० ने गुणून ९० ने भागले की १३ च्या वर येतात आणि एकूण ४३ होतात. पन्नास नाहीत, पण रेघ ओलांडली जाते. नुसता पाय दाखवून आणि डोळ्याबद्दल गप्प राहून ३० टक्क्यांवर परतलेल्या एका काकांना मी हे गणित समजावले तेव्हा ते म्हणाले, ‘‘डोळ्याचं कोणी विचारलंच नाही.’’ खरे आहे, कोणी विचारत नाही.

पार्किन्सन किंवा सिकल सेलसारख्या आजारात दिवस सारखे नसतात. औषध घेतल्यानंतरच्या चांगल्या दोन तासांत रुग्ण मंडळापुढे जातो, चार पावले नीट चालतो, आणि त्या चार पावलांवरच त्याचे मोजमाप होण्याची भीती असते. कशाचीही अतिशयोक्ती करू नये. परंतु औषधाचा परिणाम ओसरल्यावर काय होते, महिन्यातून किती दिवस अंथरुणावर जातात, रक्त किती वेळा चढवावे लागते, हे तारखांसह एका वहीत लिहून ती वही बरोबर न्यावी.

मानसिक आजाराच्या बाबतीत तर घरचेच लोक आडवे येतात. तेथे मोजमाप ‘आयडियाज’ नावाच्या पट्टीने होते. स्वतःची निगा, माणसांशी वागणे, संवाद व आकलन, आणि काम अशा चार बाबींना गुण देतात व आजार किती वर्षे आहे त्याचे गुण त्यांत मिळवतात. एकूण वीसपैकी सात गुणांना ४० टक्के सुरू होतात. डॉक्टर विचारतात, ‘‘आंघोळ स्वतः करतो का?’’ आणि आई लाजेने उत्तर देते, ‘‘हो, सगळं करतो, कुळागरातही जातो.’’ तो आंघोळीला जावा म्हणून तिला रोज तासभर मागे लागावे लागते आणि कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत, तो नुसता बसून असतो, हे ती सांगत नाही. मुलाचा कमीपणा चारचौघांत बोलू नये ही तिची भावना मला कळते, पण त्या एका उत्तराने गुण खाली येतात. आजाराची वर्षे दाखवण्यासाठी पहिल्या उपचाराचा सर्वांत जुना कागद, मग तो कितीही फाटका असो, जपून ठेवावा.

पोर्टलवरचा अर्ज आणि नावांचा घोळ

१ जून २०२१ पासून प्रमाणपत्र स्वावलंबन पोर्टलवरूनच, म्हणजे यूडीआयडी (दिव्यांगांचे एकमेव ओळखपत्र) पद्धतीने दिले जाते. अर्ज भरणे सोपे आहे. आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा आणि उपचाराचे कागद चढवायचे आणि इस्पितळ निवडायचे. राहत्या जिल्ह्यातील वैद्यकीय अधिकाऱ्याकडे, किंवा जेथे उपचार चालू आहेत त्या अधिसूचित संस्थेकडे अर्ज करता येतो. ही दुसरी मुभा काणकोण किंवा पेडण्याहून बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात उपचारासाठी येणाऱ्या रुग्णाने विसरू नये, कारण ज्या संस्थेत त्याची फाईल आहे तेथे त्याचा इतिहास नव्याने सांगावा लागत नाही. अर्ज सादर केल्यावर मिळतो तो नोंदणी क्रमांक. तो प्रमाणपत्राचा क्रमांक नव्हे, आणि दयानंद योजनेच्या अर्जात तो लिहिला तर अर्ज परत येतो.

ऑक्टोबर २०२४ मध्ये नियम बदलले. पूर्वी निर्णयासाठी एक महिन्याची मुदत होती, ती आता तीन महिने झाली आहे, तेव्हा पाचव्या आठवड्यात ‘मुदत संपली’ म्हणून भांडण्यात अर्थ नाही. अर्जदार तपासणीला न आल्यामुळे दोन वर्षे निर्णय झाला नाही तर अर्ज निष्क्रिय होतो आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. तपासणीच्या तारखेचा निरोप मोबाईलवर येतो, आणि अर्ज भरून देणाऱ्या दुकानदाराने घाईत स्वतःचा क्रमांक टाकलेला असेल तर तो निरोप तुम्हाला कधीच कळत नाही. कार्डाचा रंगही आता टक्केवारी सांगतो : ४० च्या खाली पांढरे, ४० ते ८० च्या दरम्यान पिवळे आणि ८० पासून पुढे निळे. पांढरे कार्ड मिळाले म्हणून पेढे वाटणाऱ्या एका कुटुंबाला त्यावर अर्थसाहाय्य मिळणार नाही हे सांगण्याची वेळ माझ्यावर आली होती.

गोव्यात याहून अधिक अर्ज अडतात ते नावावरून. लग्नानंतर आडनावाबरोबर नावही बदलण्याची आपल्याकडची जुनी चाल, त्यामुळे जन्मदाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरे आणि इस्पितळाच्या कागदावर घरात हाक मारतात ते तिसरे. गावकर हे आडनाव रोमन लिपीत तीन-चार प्रकारे लिहिलेले एकाच घरात सापडते. पोर्टल आधारवरचे नाव धरते, म्हणून आधी आधार नीट करावे आणि इस्पितळाच्या नोंदीतही तेच नाव घालून घ्यावे. किरकोळ फरकासाठी दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र पुष्कळदा चालते. नावच पूर्ण निराळे असेल तर १९९० च्या गोवा नाव व आडनाव बदल कायद्याखाली रीतसर नोंद करून घेणे हाच मार्ग आहे. त्याला वेळ लागतो, म्हणून ते काम शेवटासाठी ठेवू नये.

दयानंद योजनेच्या अटी

केंद्राच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन योजनेत ८० टक्के दिव्यांगत्व आणि दारिद्र्यरेषेखालील कुटुंब अशी अट असून केंद्राचा वाटा दरमहा ३०० रुपये आहे. म्हणूनच गोव्यात सगळी आशा राज्याच्या दयानंद योजनेवर असते. येथे दोन अटींवर ठेच लागते.

पहिली अट गोव्यात पंधरा वर्षांच्या वास्तव्याची. सावंतवाडी, कारवार किंवा बेळगावहून लग्न होऊन आलेल्या बाईला लग्नाला बारा वर्षे झाली असतील तर नवऱ्याचे घराणे सात पिढ्यांचे गोंयकार असले तरी तिची वर्षे भरत नाहीत. ज्यांची वर्षे भरतात त्यांच्याकडेही पुरावा नसतो. भाड्याने राहणाऱ्यांची रेशनकार्डे जुन्या पत्त्यावर असतात आणि वीजबिल घरमालकाच्या नावावर. मतदारयादीतील जुन्या नोंदी, मुलांच्या शाळेचे दाखले आणि इस्पितळाचे जुने केसपेपर येथे उपयोगी पडतात. मामलेदार कार्यालयात रहिवासी दाखल्यासाठी जाताना ते वर्षवार लावून न्यावेत, मधल्या चार वर्षांची पोकळी दिसली की तेथेच प्रश्न निघतो.

दुसरी अट उत्पन्नाची. ती दरडोई उत्पन्नाची आहे, म्हणजे कुटुंबाचे वर्षाचे उत्पन्न माणसांच्या संख्येने भागून येणारा आकडा योजनेतील वार्षिक रकमेपेक्षा कमी असावा लागतो. लोक एकूण उत्पन्न लिहितात, किंवा वेगळी चूल असलेल्या भावाचेही धरतात, आणि पात्र असूनही अपात्र ठरतात. उत्पन्नाचा दाखला काढतानाच वेगळ्या चुलीचे वेगळे रेशनकार्ड जोडावे. अर्ज करणारी बाई गृहआधार ही राज्याची गृहिणींसाठीची मदत घेत असेल तर एकाच व्यक्तीला दोन्ही योजना चालत नाहीत. लपवून घेतलेले पैसे पुढे वसूल केले जातात, तेव्हा आधी एक सोडावी आणि सोडल्याचा कागद घ्यावा.

बाकीचे, म्हणजे फोटो, वयाचा पुरावा, आधारशी जोडलेले स्वतःच्या नावाचे बँक खाते, हे सर्वांना माहीत आहे.

नकार आला तर

‘‘तुमचे होत नाही’’ असे खिडकीतून तोंडी सांगून परत पाठवले तर तो निर्णय नव्हे. प्रमाणपत्र नाकारायचे असल्यास कारणे लेखी देणे नियमाने बंधनकारक आहे आणि त्यासाठी नमुना क्रमांक आठ ठरलेला आहे. तो मागावा, आणि मागण्याचा अर्ज पोचपावती घेऊन द्यावा. अपिलासाठी ९० दिवस मिळतात, पण ते निर्णयाच्या तारखेपासून मोजतात, कागद तुमच्या हाती पडला त्या दिवसापासून नाही. दोन महिने टपालात किंवा कोणाच्या टेबलावर पडलेला नकार घेऊन निवांत आलेल्या माणसाला एक महिनाही उरलेला नसतो. टक्केवारी कमी वाटली तरीही अपील करता येते, हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

तात्पुरते प्रमाणपत्र असेल तर त्यावर वैधतेची तारीख असते, आणि ती उलटली की साहाय्य थांबण्याची पाळी येते. नव्या तपासणीला तीन महिने लागू शकतात हे धरून किमान चार महिने आधी नूतनीकरणाचा अर्ज टाकावा. हयातीचा दाखला दरवर्षी द्यावा लागतो, तो चुकला तर जिवंत माणसाचे पैसे बंद होतात. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या घरच्यांनी त्यासाठी बँकेत आधी जाऊन विचारावे, रुग्णाला रिक्षात घालून नेण्याची वेळ आणू नये.