फ्रेंच भाषेतील नकारवाक्ये

फ्रेंचमध्ये साधे विधान नकारार्थी करताना क्रियापदाच्या आधी ‘न’ आणि नंतर ‘पा’ असे दोन शब्द येतात. ‘ज पार्ल’ (मी बोलतो) याचे नकारवाक्य ‘ज न पार्ल पा’ असे होते. (येथील देवनागरी उच्चार अर्थातच अंदाजे आहेत.) मराठीत ‘नाही, नाहीस, नाहीत, नव्हता’ असा नकारच पुरुष, वचन आणि काळानुसार बदलतो, फ्रेंच नकार मात्र अविकारी असून सर्व विकार क्रियापदाकडे राहतात. त्यामुळे मराठीभाषकाला रूपांपेक्षा शब्दांच्या स्थानाची अडचण अधिक जाणवते. संयुक्त काळात, म्हणजे साहाय्यक क्रियापद आणि धातुसाधित मिळून होणाऱ्या काळात, ‘पा’ साहाय्यक क्रियापदाला लागूनच येतो, जसे ‘ज ने पा मांजे’ (मी जेवलो नाही; येथील ‘ने’ म्हणजे ‘न’ अधिक साहाय्यक ‘ए’). मूळ क्रियारूप नाकारायचे असेल तर दोन्ही शब्द त्याच्या आधी एकत्र येतात, जसे ‘न पा फ्युमे’ (धूम्रपान करू नये).

या जोडीमागे मोठा इतिहास आहे. लॅटिन ‘नोन’ झिजून ‘न’ उरला आणि तो दुबळा वाटू लागल्याने जुन्या फ्रेंचमध्ये त्याच्या जोडीला ‘पा’ (पाऊल), ‘प्वँ’ (बिंदू), ‘मी’ (पावाचा कण), ‘गूत’ (थेंब) अशी नामे आली. ‘एक पाऊलही चालत नाही’, ‘थेंबभरही पीत नाही’ असा त्यांचा मूळ रोख होता; पुढे ‘पा’ने पावलाचा अर्थ सोडून निव्वळ नकाराचे काम पत्करले. अशा चक्राचे वर्णन डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ऑटो येस्पर्सन यांनी 1917 मध्ये केले. ते चक्र अजून थांबलेले नाही: रोजच्या बोलण्यात ‘न’ सर्रास गळतो आणि ‘ज न से पा’ (मला माहीत नाही) याचे ‘शे पा’ होते. शिकणाऱ्याने लिहिताना मात्र ‘न’ गाळू नये.

‘पा’च्या जागी ‘जामे’ (कधीही), ‘रियँ’ (काहीही), ‘पेर्सॉन’ (कोणीही) किंवा ‘प्ल्यू’ (यापुढे) हे शब्द आले, की प्रमाण भाषेत ‘पा’ निघून जातो. मराठीत ‘कोणीही’बरोबर ‘नाही’ लागतेच. त्या सवयीने ‘पेर्सॉन’सोबत ‘पा’ घातला जातो आणि वाक्य चुकते. शिवाय ‘पेर्सॉन’ संयुक्त काळात धातुसाधिताच्या पुढे जातो: ‘ज ने व्यू पेर्सॉन’ (मी कोणालाही पाहिले नाही). ‘रियँ’ मात्र आधीच थांबतो: ‘ज ने रियँ व्यू’.

नकारानंतर कर्माच्या अनिश्चित उपपदाचे (इंग्रजी ‘a’सारख्या शब्दाचे) सामान्यतः ‘द’ होते. ‘जे अँ फ्रेर’ (मला एक भाऊ आहे) याचे ‘ज ने पा द फ्रेर’ होते. ‘असणे’ या अर्थाच्या ‘एत्र’ क्रियापदानंतर हा बदल होत नाही.

नकारार्थी प्रश्नाचे उत्तर देताना वेगळीच गफलत होते. ‘तू येत नाहीस का?’ या प्रश्नाला ‘हो, येत नाही’ असे मराठीत म्हणता येते. फ्रेंचमध्ये तिथे ‘नों’ म्हणतात आणि येत असल्यास ‘वी’ न म्हणता ‘सी’ म्हणतात.